सकाळची ताडी

पिकत आलेल्या फळाचा गोडवा आणि त्याच्या तळाशी ताकाचा हलका आंबटपणा, असा काहीसा ताज्या ताडीचा वास. भिवंडीतल्या यंत्रमागांची खडखड मागे पडून वाड्याच्या रस्त्याला अंबाडी-वज्रेश्वरीकडची शेतं लागली, की थंडीतल्या सकाळी तो अलगद नाकाशी यायचा, आणि माझ्या मनात तो आजही त्या कोवळ्या उन्हापासून वेगळा होत नाही.

कमरेला कोयता अडकवून ताडीवाला सरसर ताडावर जायचा, फुलोऱ्याचं टोक पातळसं कापून रिकामं मडकं बांधायचा आणि भरलेलं खाली उतरवायचा. फडक्यातून गाळताना रसाला भुललेल्या मधमाश्या फडक्यावरच राहायच्या. उन्हाआधी ताडी बहुतेक गोडच; ऊन चढेल तशी जिभेला चिमटे काढू लागायची, संध्याकाळपर्यंत आंबट व्हायची, आणि दुसऱ्या दिवशी शिरक्याच्या वाटेला लागायची. साठवायची सोय नाही, म्हणून मिरवायचीही नाही. जिथं झाड, तिथंच बसायचं.

“सकालची हाय ना?” आजोबा विचारायचे, आणि उत्तर येण्याआधीच बांधावर बसायचे. एक पेला, मूठभर भाजलेले चणे, कधी कांद्यात परतलेलं सुकट. भाताची, विहिरीच्या पाण्याची, कुणाच्या लग्नाची बोलणी चालायची. घोट मधेच थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. घाई कुणालाच नसे. किती निवांत होतं ते!

पुढे स्पेनबद्दल वाचताना तिथली माणसं ओळखीची वाटली. ग्रनाडात वाइनच्या पेल्याबरोबर खाण्याची छोटी बशी न मागता येते. बिल्बाओत मित्रांचा घोळका घोटभर वाइन घेत, बोलत, एका दारातून दुसऱ्या दारात जातो. तिथं असं पिणं-बोलणं हा दिवसाचा साधा भाग आहे. आमच्या बांधावरही तो तसाच होता, आणि त्याला संस्कृती म्हणताना मला जराही संकोच वाटत नाही.

आपण मात्र त्याची लाज धरली. मग भेसळ आली. ताडाचा थेंबही नसलेल्या पाण्यात क्लोरल हायड्रेट कालवून ताडी म्हणून विकलं गेलं, त्यानं माणसं गेली आणि ताडीचं नावही गेलं. त्यातच नाशिक महामार्गालगत, माणकोलीकडे, शेतांवर गोदामं उभी राहिली. बांध गेले, बांधावरची झाडं गेली. या नुकसानीचा हिशेब कुठल्याच कागदावर नाही, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

ताडाला पहिला फुलोरा यायला 12 ते 15 वर्षं लागतात, कधी 20. तुमच्याकडे बांध उरला असेल, तर या पावसाळ्यात त्यावर ताडाचं एक बी पुरा.