मार्चअखेरचा पळस

सरकारी नोकराच्या पंचांगात वसंत ऋतू नाही. थंडी सरते न सरते तोच मार्चअखेर सुरू होते, आणि ती आटोपून मान वर करावी तो एकदम वैशाखवणवा! मधले फुलांचे पंधरा-वीस दिवस अखर्चित अनुदानाच्या तक्त्यांत आणि बिलांच्या गठ्ठ्यांत कोठे गडप होतात, कोण जाणे. नोकरीच्या निमित्ताने आम्ही नऊ गावचे पाणी प्यालो. परंतु त्यांपैकी एकाही गावचा वसंत पाहिल्याचे आम्हांला आठवत नाही. कोणी त्याबद्दल छेडले तर आमचे उत्तर ठरलेले असे : "कुठेही जा, पळसाला पाने तीनच!"

बदलीवरच्या माणसाला या म्हणीइतका दुसरा आधार नाही. गाव नवे, बिऱ्हाड नवे, बोली नवी. मन कातर होते. अशा वेळी ही म्हण पुटपुटली की जुने सुटल्याचे दुःख हलके होते आणि नवे पाहण्याचे श्रमही वाचतात. रायपुरास तात्यापाऱ्यात बिऱ्हाड मांडले तेव्हा तर ती आम्हांला अगदीच पटली. छत्तीसगढात मोहल्ल्याला पारा म्हणतात; तेव्हा पारा त्यांचा असला तरी तात्या आपलाच! नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीपासून या मुलखात मराठी माणसांचा राबता आहे. सकाळी शेजारच्या घरातून मराठी वादावादी कानी येते. मग परके वाटावे तरी कशाने?

आम्हांला परका वाटला तो दुसरा पारा, उष्णतामापकातला. फाल्गुनात तो दुपारी पस्तीस अंशांच्या घरात जाऊन बसतो. तो तेथेच रमला असे समजून रजया माळ्यावर टाकाव्यात, तो उत्तरेकडच्या थंड हवेची आणि बंगालच्या उपसागरावरून येणाऱ्या दमट वाऱ्यांची आकाशात कोठे तरी गाठ पडते, आणि मध्यरात्री पत्र्यावर गारा ताशे वाजवू लागतात. सकाळी पुन्हा ऊन इतके निर्मळ की रात्रीचे स्वप्नच वाटावे. अशा हवेत कोणी सहलीचे बेत करावेत? हवा बरी असली तर मार्चअखेर आडवी येई. मार्चअखेर क्षणभर बाजूला झाली तर हवा. "अहो, पळस फुललाय म्हणतात, एकदा बघून येऊ," असे आमच्या सौभाग्यवती दर होळीला म्हणत, आणि "पुढच्या वर्षी" असे आम्ही दर होळीला म्हणत असू.

यंदा मात्र आमची ही सबब फसली. तोक्योला असलेल्या आमच्या भाच्याने चेरीच्या बहराची छायाचित्रे पाठवली आणि खाली लिहिले : "मामा, इथेही आर्थिक वर्ष एक एप्रिललाच सुरू होते, पण कचेऱ्यांतली मंडळी झाडाखाली चटई पसरून बहर बघतात. जागा धरायला सकाळीच नव्या कारकुनाला पाठवतात!" त्याने आणखीही बरेच लिहिले होते. तेथील हवा आपल्याइतकीच लहरी. एखाद्या वादळी पावसाने आठवड्याचा बहर एका रात्रीत मातीत मिळतो. म्हणूनच तेथे बहराचे अंदाज पावसाच्या अंदाजासारखे वर्तवले जातात. क्योटोच्या बहराच्या तारखा तर जुन्या रोजनिशांतून पार नवव्या शतकापासूनच्या जुळवलेल्या आहेत, आणि २०२१ साली २६ मार्चला आलेला पूर्ण बहर हा तोवरच्या साऱ्या नोंदींत सर्वांत लवकरचा ठरला. बाराशे वर्षे फुलांचा हिशेब ठेवणारी माणसे! आमच्या हिशेबाच्या वह्यांत फुलांचे खातेच नव्हते. येत्या जूनमध्ये आम्ही निवृत्त होणार; म्हणजे 'पुढच्या वर्षी' हा शब्दही आता आमच्याजवळ उरला नव्हता.

रविवार ठरला. सिरपूरला जायचे, सातव्या शतकातले ते विटांचे लक्ष्मणमंदिर पाहायचे, आणि वाटेत पळस. शनिवारी रात्री गारा पडल्या. सौभाग्यवती खिडकीशी उभ्या होत्या. काही बोलल्या नाहीत. त्यांचे ते न बोलणे आम्हांला लागले. पहाटे आम्हीच म्हणालो, "चला, उरला असेल तेवढा पाहू."

आरंग मागे पडले, महानदीचा पूल ओलांडून गाडी सिरपूरच्या वाटेला लागली, आणि रानात ठिकठिकाणी जाळ दिसू लागला. अर्धी फुले भुईवर आली होती. पण झाडांवर होती ती तरी किती! पोपटाच्या चोचीसारखी बाकदार, वास नसलेली, केशरी फुले. आणि झाडावर पान एकही नाही. आम्ही गाडी थांबवून खाली उतरलो. पळस पाने गाळून फुलतो हे पुस्तकात वाचलेले होते. परंतु जी म्हण आम्ही जन्मभर उच्चारली, ती या पंधरा दिवसांत साफ खोटी असते, हे ध्यानात यायला निवृत्ती जवळ यावी लागली. तीन पाने मोजणारा सगळीकडे गेला खरा. पण फाल्गुनात बहुधा तो कचेरीत होता.

वाटेवरच्या एका अंगणात म्हातारी भिजलेली मोहाची फुले ताडपत्रीवर पसरीत होती. मोह पहाटे गळतो. उजाडताच तो वेचायचा, मग काही दिवस उन्हात खडखडीत वाळवायचा. मध्ये पाऊस आला की तो काळा पडतो, कुजतो, आणि घरात येणारा पैसा जातो. गारांनी पळस झडल्याबद्दल आम्ही मोठ्या सहृदयतेने हळहळलो. तिने मान वर न करता म्हटले, "परसा तो आन बछर घलो फूलही, साहेब. मउहा के का होही?" पळस पुढच्या वर्षीही फुलेल, मोहाचे काय?

आमचा लाडका शब्द तिच्या तोंडी आला, आणि आम्हांला तो ऐकवेना. आमचे 'पुढच्या वर्षी' म्हणजे टाळाटाळ होती. तिला तेवढी सवड कोठली? आभाळ पुन्हा भरून येत होते. सौभाग्यवतींनी पदर खोचला आणि त्या तिच्याशेजारी बसून सडकी फुले निवडू लागल्या. थेंब पडू लागले तेव्हा ताडपत्रीचे एक टोक आम्ही धरले, दुसरे म्हातारीच्या नातवाने, आणि सारा मोह ओसरीवर नेला. लक्ष्मणमंदिर त्या दिवशी राहूनच गेले.

सोमवारी कचेरीत एक तरुण सहकारी बदलीचा हुकूम हातात घेऊन उभा होता. गाव लांबचे, ओळखीचे कोणी नाही, चेहरा उतरलेला. सवयीने आमच्या ओठांवर म्हण आली. ती आम्ही गिळली आणि म्हणालो, "गेल्यावर एवढे विचारून ठेवा, तिकडे मार्चमध्ये काय फुलते? आणि गारा पडल्या की कोणाचे काय बुडते?"

तो आमच्याकडे पाहतच राहिला. मग त्याने नम्रपणे आठवण करून दिली की, मार्चअखेरचा तक्ता आज दुपारपर्यंत जायचा आहे.