कशावरून?

गुरुत्वीय लहरींबद्दल वर्गात सांगत होते, तेव्हा एका मुलीने विचारलं, "टीचर, ती लाट पाहिली कुणी?" बाकीची हसली. मला मात्र तो प्रश्न त्या दिवशीचा सर्वांत चांगला वाटला.

पाहिली कुणीच नाही. लाटेला उर्दूत 'मौज' म्हणतात. ही मौज पाण्यात नव्हे, खुद्द अवकाशात उठते. फार जड वस्तू एकमेकींभोवती वेगाने फिरू लागल्या की अवकाश किंचित ताणलं जातं, किंचित आकसतं. आइन्स्टाइन यांनी १९१६ साली हे गणितातून मांडलं. १९६९ मध्ये जोसेफ वेबर यांनी अशी लहर सापडल्याचं जाहीर केलं. इतरांनी उपकरणं लावून पाहिली. त्यांना काही मिळालं नाही. एकट्याची साक्ष टिकली नाही.

म्हणून अमेरिकेत 'लायगो'ची दोन केंद्रं उभारली, एकमेकांपासून सुमारे ३,००० किलोमीटर दूर. प्रत्येकाला काटकोनात चार-चार किलोमीटरचे दोन बाहू. लेसरचा किरण दोन्हींतून जाऊन आरशावरून परततो. बाहूच्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाहूनही कितीतरी लहान फरक पडला, तरी परतलेल्या प्रकाशात तो दिसतो. जवळून ट्रक गेला तरी यंत्र थरथरतं. पण तोच ट्रक दुसऱ्या केंद्रापाशी नसतो.

१४ सप्टेंबर २०१५ रोजी दोन्हीकडे सारखीच थरथर नोंदली गेली, सुमारे सात मिलिसेकंदांच्या अंतराने. जवळपास १३० कोटी प्रकाशवर्षं दूर दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली होती. तरी शास्त्रज्ञांनी घाई केली नाही. पाच महिने तपासून, ११ फेब्रुवारी २०१६ रोजी जगाला सांगितलं. आपण मोबाइलवर आलेली बातमी पाच मिनिटंही थांबवून धरत नाही.

लायगोचं असंच एक केंद्र आता आपल्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ होणार आहे. २०२३ मध्ये केंद्र सरकारने त्याला मंजुरी दिली. दूरवरचा आणखी एक साक्षीदार मिळाला की लहर आकाशाच्या कोणत्या बाजूने आली, हे अधिक नेमकं कळेल.

तिथे उद्या काम करू शकतील अशी मुलं-मुली आज आपल्याच घरांत आहेत. गणित-विज्ञान आम्ही शाळेत शिकवू. घरी त्यांनी "कशावरून?" असं विचारलं, तर "उलट बोलू नकोस" म्हणून गप्प तेवढं करू नका.