तळहातावरचा कचरा

मुंबईहून नाशिकला परतताना कसारा घाट जवळ आला की वडील खिशातला रुमाल काढून आईकडे द्यायचे आणि आई तो बाटलीतल्या पाण्याने भिजवून ठेवायची. मे महिन्याची दुपार, गाडीत आम्ही सहा जण, वर कॅरिअरला ट्रंक आणि आमची फियाट, म्हणजे प्रीमियर पद्मिनी. दोन-चार वळणं चढली की ती हमखास आचके द्यायला लागायची. वडील गाडी कडेला घ्यायचे, मला चाकाला दगड लावायला पिटाळायचे आणि बॉनेट उघडून इंजिनाला चिकटलेल्या पेट्रोल पंपावर तो ओला रुमाल गुंडाळायचे. उष्णतेने पंपातल्या पेट्रोलची वाफ झालेली असायची. वाफ पुढे ढकलणं त्या पंपाला जमायचं नाही आणि कार्बुरेटर कोरडा पडायचा. दहा-पंधरा मिनिटांत पंप निवायचा. तोवर आम्ही पानांच्या द्रोणातली करवंदं संपवलेली असायची.

इंजिनात पेट्रोल कसं जातं, हे माझ्या पिढीतल्या बऱ्याच जणांना असंच रस्त्याच्या कडेला उभं राहून कळलं.

ती गाडी वडिलांनी १९८६ साली जुनी घेतली होती. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, १०८९ सीसीचं इंजिन. थंडीत नाशिकचा पारा उतरला की चोक ओढल्याशिवाय ती जागची हलत नसे. चोक जास्त वेळ ओढलेला राहिला, तर प्लग ओले होऊन पेट्रोलचा वास थेट दिवाणखान्यात यायचा. आणि दर तीन-चार महिन्यांनी एक वाक्य घरात ऐकू यायचं, "कचरा आलाय, चाचांकडे जाऊ."

चाचांचं गॅरेज नाशिकच्या द्वारकेला होतं. गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड आणि पुढे एक कडुनिंब. चाचा आधी काहीच उघडत नसत. गाडी चालू ठेवायला सांगायचे, मान तिरपी करून ऐकायचे, एकदा रेस द्यायला लावायचे आणि मग हेल्परकडे हात पुढे करायचे. कार्बुरेटर उतरवून तो ॲल्युमिनियमच्या परातीत ठेवला जाई. परातीत वाटीभर पेट्रोल. झाकण उघडलं की आतला पितळी फ्लोट दिसायचा, आमच्या न्हाणीघराच्या टाकीतल्या बॉलकॉकचा धाकटा भाऊच. पेट्रोल ठरावीक पातळीला आलं की तो वर उचलला जाऊन येणारं पेट्रोल बंद करायचा. फ्लोटच्या कप्प्याच्या तळाशी, खालच्या कोपऱ्यात, गंजाची तांबूस पूड आणि पाण्याचा एखादा थेंब बसलेला असे. मग चाचा पेचकसाने जेट काढायचे. तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा पितळी तुकडा, मधोमध आरपार भोक आणि अंगावर बारीक कोरलेला नंबर. तो आकाशाकडे धरून एका डोळ्याने पाहायचे, दोनदा फुंकर मारायचे आणि परातीतला गाळ बोटाने तळहातावर घेऊन वडिलांपुढे धरायचे.

"भाऊ, हा बघा तुमचा आजार."

वडील वाकून बघायचे. मीही बघायचो. पैसे नंतर ठरत.

एकदा नव्या हेल्परने जेटच्या भोकात तांब्याची तार घातली. चाचांनी त्याच्या हातावर चापट मारली. म्हणाले, "भोक मोठं झालं तर भाऊंच्या खिशाला भोक पडेल. हवा मार, तार घालायची नाही." वडिलांनी त्या दिवसापासून दुसरं गॅरेज पाहिलं नाही. त्याला कारण होतं. वडील सातपूरला मायकोत कामाला होते आणि भोकाची किंमत त्यांना ठाऊक होती.

मायको आता बॉश झाली. नाव २००८ मध्ये बदललं, पण नाशिककर अजून मायको सर्कलच म्हणतो आणि म्हणत राहील. त्या कारखान्यात डिझेल इंजिनाचे नोझल बनतात. बॉशने डिझेलचा पंप १९२७ साली बाजारात आणला, त्याच घराण्यातला हा माल. वडील सांगायचे, नोझलचं शरीर आणि त्यात सरकणारी सुई यांच्यात जी फट ठेवायची ती दोन-चार मायक्रॉनची. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा. इतक्या बारीक मापाला कुठलीही सुई कुठल्याही शरीरात चालत नाही, दोघांना एकमेकांवर घासून जोडी लावावी लागते. एकदा लावलेली जोडी फोडायची नाही. लग्न जुळवल्यासारखं ते बोलायचे आणि बोलताना चष्मा काढून पुसायचे.

डिझेल गाडीवाल्यांची तऱ्हा वेगळी होती. आमच्या गल्लीत एकाचा टेम्पो होता. डिझेल संपेपर्यंत चालवला की तो 'एअर पकडायचा'. मग हातपंप दाबत बसायचं, नट सैल करून बुडबुडे जाईपर्यंत डिझेल वाहू द्यायचं आणि पुन्हा आवळायचं. एखादा सिलिंडर मिस करत असेल तर तो कोणता, हे शोधायची चाचांची पद्धत मी डोळ्यांनी पाहिली आहे. इंजिन चालू ठेवून ते पान्याने एकेका नोझलच्या पाइपाचा नट किंचित सैल करत. नट सैल केल्यावर आवाज बदलला तर तो सिलिंडर काम करतोय. नाही बदलला तर चोर सापडला. तो नोझल काढून हाताने चालवायच्या टेस्टिंग पंपावर लावायचा, दांडा दाबायचा आणि फवारा बघायचा. धुक्यासारखा आला तर पास. थेंब गळला की नापास.

ही पद्धत मी कौतुकाने सांगतोय, पण आजच्या कॉमन रेल डिझेल गाडीवर ती कुणीही करून बघू नये, हे त्याच दमात सांगतो. जुन्या नोझलचा दाब साधारण दोनशे बारच्या आसपास असे. कॉमन रेलमध्ये तो सोळाशे बारपर्यंत आणि त्याहून वर जातो. चालू इंजिनावर नट सैल केला तर सुईसारखी धार कातडी फोडून आत शिरते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते आणि हात गमवायची वेळ येते. चाचांचं ते कसब त्यांच्या काळातल्या यंत्रापुरतंच होतं.

पेट्रोल गाड्यांचं चित्र नव्वदच्या दशकाच्या शेवटी पालटलं. परदेशात इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन १९६७ पासून मोठ्या संख्येने निघणाऱ्या गाड्यांत होतं. आपल्याकडे ते घरोघरी पोचलं ते प्रदूषणाचे नियम कडक झाल्यावर. १९९८ मध्ये सँट्रो आली, २०००च्या सुमारास मारुती ८०० सुद्धा बदलली आणि गाड्यांच्या पाठीवर एमपीएफआय अशी अक्षरं झळकू लागली. प्रत्येक सिलिंडरच्या तोंडाशी एक इंजेक्टर. आत विजेचं वेटोळं, त्याला संगणकाकडून हुकूम आला की सुई उचलली जाते, काही मिलिसेकंद पेट्रोलचा तुषार उडतो आणि सुई पुन्हा बसते. चोक गेला, ओला रुमाल गेला. २०२० मध्ये बीएस-६ नियम आल्यावर बहुतेक स्कूटर-मोटारसायकलींतूनही कार्बुरेटर हद्दपार झाला. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून उतरली. त्या दिवशी मला कसाऱ्यातली करवंदं आठवली.

नवं यंत्र जुन्यापेक्षा सरस आहे, यात मला शंका नाही. कमी पेट्रोल जळतं, धूर कमी होतो, पहाटेच्या थंडीतही गाडी एका किल्लीत सुरू होते. वडिलांना हे सुख मिळालं असतं तर ते खूश झाले असते. माझं मन रेंगाळतं ते त्या तळहातावर. इंजेक्टरमधला कचरा कुणी कुणाला दाखवत नाही.

तो बसतो कसा, हे समजून घेण्यासारखं आहे. गाडी तापवून आपण बंद करतो. इंजिनाची धग इंजेक्टरच्या टोकापर्यंत चढते. टोकाशी राहिलेल्या पेट्रोलातला हलका भाग उडून जातो, जड भाग तिथेच भाजला जाऊन लाखेसारखा चिकटतो. रोज दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत हा थर लवकर साठतो. त्यामुळे सुई नीट बसत नाही किंवा भोक अपुरं उघडतं आणि तुषाराऐवजी धार पडते. आमच्याकडच्या द्राक्षबागायतदाराला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. फवारणीच्या ब्लोअरचा एक नोझल चोंदला की एका बाजूची पानं कोरडी राहतात, हे त्याने हजारदा पाहिलंय.

माझी गाडी २०२०च्या टाळेबंदीत कित्येक महिने उभी होती. सुरू केली तर आयडलिंगला थरथरायची, सिग्नलवर स्टिअरिंग हातात कापायचं, पिकअप गेलेला. प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला, फरक नाही. मग एका लहान गॅरेजातल्या आयटीआय झालेल्या पोराने सांगितलं, "काका, इंजेक्टर काढून टेबलावर लावू. तुम्ही थांबा, बघून जा." थांबा म्हणाला, तिथेच मी त्याच्यावर विश्वास टाकला.

त्याने आधी पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून गाडी आपोआप बंद पडू दिली, म्हणजे पाइपातला दाब उतरला. चारही इंजेक्टर काढून मशीनवर उभे केले. प्रत्येकाखाली रेघा आखलेली काचेची नळी, मागे दिवा. बटण दाबताच तीन इंजेक्टरांतून पांढुरके शंकू उडाले आणि तिसऱ्या नंबरच्या इंजेक्टरमधून एकच वाकडी धार. नळ्यांतली पातळी बघितली. तीन जवळजवळ सारख्या, तिसरी चांगली बोटभर खाली. मग चौघांची टोकं द्रावणाच्या भांड्यात बुडवली. त्यात अल्ट्रासोनिक लहरी सोडतात. द्रावणात असंख्य बारीक बुडबुडे उठतात, फुटतात आणि थर सुटतो. सोबत इंजेक्टर टकटक उघडझाप करत राहतात. अर्ध्या तासाने पुन्हा त्याच नळ्या. चार शंकू, चार सारख्या पातळ्या. शेवटी बटण बंद ठेवून दाब दिला आणि कुठे थेंब गळत नाही ना ते पाहिलं. आतल्या बारीक जाळ्या आणि रबरी ओ-रिंग नव्या घातल्या, रिंगांना बोटाने इंजिन ऑइल लावलं. संध्याकाळी गाडी शिवणयंत्रासारखी चालली. त्या पोराने चाचांचं नावही ऐकलेलं नव्हतं, पण त्यांचाच तळहात त्याने माझ्यापुढे धरला होता.

उलट अनुभवही आहे. एका मोठ्या वर्कशॉपने माझ्या बहिणीच्या जेमतेम वीस हजार किलोमीटर धावलेल्या, कसलीही तक्रार नसलेल्या गाडीच्या कागदावर 'इंजेक्टर क्लीनिंग' लिहून ठेवलं होतं. काय साफ केलं, किती घाण निघाली, कुणी काही दाखवलं नाही. गाडीवरच इंजेक्टर ठेवून, डब्यातलं औषधी द्रावण पेट्रोलच्या लाइनीतून सोडून इंजिन चालवतात, ती ही पद्धत. सौम्य थरासाठी ती ठीकच आहे. पण निरोगी माणसाला कुणी सलाइन लावत नाही.

मायलेज घसरलं, आयडलिंग हललं, रेस अडखळू लागली, मिसिंगचा कोड आला, तर आधी प्लग, कॉइल आणि फिल्टर बघायला लावा आणि त्यानंतर इंजेक्टर. टाकीत थोडंसंच पेट्रोल ठेवून गाडी महिनोन्‌महिने उभी करू नका. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. डिझेल असेल तर फिल्टरमधलं पाणी वेळेवर काढा. कॉमन रेलचा इंजेक्टर बदलला तर त्याच्या डोक्यावरचा कोड संगणकात भरून घ्यायला विसरू नका. वडिलांची ती सुई-शरीराची जोडी आता अशी आकड्यांत लावतात.

आणि क्लीनिंगसाठी इंजेक्टर काढलेच, तर चाचांच्या काळातल्या गिऱ्हाइकासारखं वाकून बघा. संकोच करू नका. आधीच्या नळ्या दाखवा म्हणा, मग नंतरच्या दाखवा म्हणा, आणि दोन्ही बघितल्यावरच पैसे द्या.