जमाखर्चाची वही

आमच्या घरी जमाखर्च लिहिण्याची शिस्त सासूबाईंची. दूधवाला, इस्त्रीवाला, वाणी, फुलपुडी, सारे त्यांच्या वहीत असते. आता पैसे फोनवरून जातात आणि हिशेबही फोनच ठेवतो. पण त्यांचे समाधान होत नाही. "आलं किती अन् गेलं किती हे ज्या घरात ठाऊक नाही, त्या घराचं काही खरं नाही," हे वाक्य मी लग्न झाल्यापासून ऐकत आले आहे. पैशांखेरीज ते आणखी कशाला लागू पडत असेल, असे मात्र मला कधी वाटले नव्हते. २०२३ सालच्या नवरात्रात ते कळले.

सासूबाईंचे वय तेव्हा ७२. रक्तदाबाची गोळी चालू, तरी नऊ दिवसांचे उपास सुटत नाहीत. पाचव्या माळेला त्यांची कंबर दुखू लागली, अंगात कणकण आली. मी मोठ्या शहाणपणाने घरातल्या औषधांच्या डब्यातून अंगदुखीची गोळी काढून दिली. सकाळी एक, रात्री एक, अशी तीन दिवस दिली. लघवीला जळजळ होते आहे हे त्यांनी कुणालाच सांगितले नाही. असल्या गोष्टी बोलायच्या नसतात, ही जुनी समजूत! उलट रात्री सारखे उठावे लागू नये म्हणून त्यांनी पाणी पिणेच कमी केले.

अष्टमीच्या रात्री त्यांना हुडहुडी भरली. पहाटे पाहते तो हातपाय गार, श्वास भराभर चाललेला, आणि मला त्यांच्या धाकट्या बहिणीच्या नावाने हाका मारताहेत. "देवीचा नैवेद्य झाला का?" हे त्यांनी लागोपाठ तीनदा विचारले. हे म्हणाले, "उपासानं थकली असेल. लिंबाचं सरबत दे." पण हिशेबात एका पैचीही चूक न करणाऱ्या बाईने सुनेला बहीण समजावे, हे काही मला सरबताने बरे होण्यासारखे वाटेना. सहा वाजता आम्ही इस्पितळात होतो.

तिथली डॉक्टर म्हणजे माझ्या मुलीच्या वयाची पोर. तिने रक्तदाब पाहिला. वरचा आकडा ८०. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "काकू, आजींना शेवटची लघवी कधी झाली?"

आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागलो. ह्यांना सहा महिन्यांचे रक्तदाबाचे आकडे पाठ होते. मला त्यांच्या पथ्याचा कण न् कण ठाऊक होता. पण आदल्या दुपारपासून त्या न्हाणीघराकडे गेल्या होत्या की नाही, हे घरात एकालाही सांगता येईना. नळी घातली तेव्हा दहाएक मिलिलिटर आले. रंग उकळलेल्या चहासारखा.

"सेप्सिस आहे," ती म्हणाली. लघवीच्या वाटेने शिरलेले जंतू रक्तापर्यंत परिणाम करीत होते. मी शब्द ऐकला होता, अर्थ ठाऊक नव्हता. तिने तो सांगितला. जंतूंशी लढण्यासाठी शरीर जे सैन्य बाहेर काढते, तेच ताळतंत्र सोडून घरच्यांवर उलटते. रक्तवाहिन्या सैल पडतात, पाझरू लागतात, दाब उतरतो. आणि पुष्कळदा पहिला घाव बसतो तो मूत्रपिंडांवर.

मुठीएवढी ही दोन पिंडे. पण हृदय जेवढे रक्त बाहेर टाकते त्याचा पाचवा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक एकटी तीच घेतात. दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी गाळून त्यातले जवळजवळ सगळे शरीराला परत करायचे आणि दीडेक लिटर तेवढे बाहेर टाकायचे, हा त्यांचा व्यवहार. इतक्या उलाढालीच्या पेढीला दाब उतरल्याची झळ लागायचीच. शिवाय रक्त पोचत असले, तरी त्यातल्या दाहाने आतल्या बारीक नळ्यांच्या पेशी काम टाकून बसतात.

मग तिने विचारले, "काही गोळ्या दिल्या होत्या का?" मी पर्समधून पाकीट काढून दिले. तिने ते पाहिले आणि काही न बोलता कागदावर नोंद केली. मीच विचारले तेव्हा सांगितले, "अडचणीच्या वेळी मूत्रपिंडं आपल्याकडं येणारी रक्ताची वाट स्वतःच उघडी ठेवतात. ह्या जातीच्या गोळीनं ती वाट आखडते. तापाला पॅरासिटामॉल दिली असती तर ही भानगड नव्हती." पोरगी रागावली असती तर बरे झाले असते. रागावल्याने माणूस सुटतो तरी.

मूत्रपिंडे वाचवणारे एखादे भारी औषध असेल, किंमत कितीही असो, ते आणू या, असे हे म्हणाले. असे औषध नाही! पूर्वी डोपामिन थोड्या मात्रेत देत. त्याने मूत्रपिंडे राखली जातात असा समज होता. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधल्या ३२८ रोग्यांवर ते पारखून पाहिले, आणि २००० साली निकाल लागला की फायदा काही नाही. स्टार्चचे महागडे सलाईनही तसेच. त्याने सेप्सिसमध्ये डायलिसिसची पाळी उलट वाढते, हे २०१२ साली ठरले. राहता राहिले ते साधेच, पण वेळेवर करायचे. जंतूंवरचे औषध त्या तासाभरात सुरू झाले. तेही मूत्रपिंडांना जड जाणारे टाळून. सोनोग्राफी करून लघवीची वाट कुठे तुंबली नाही ना, ते पाहिले. वजनाच्या किलोमागे ३० मिलिलिटर या मापाने पहिल्या तीन तासांत १८०० मिलिलिटर सलाईन गेले. त्यानेही दाब पुरेसा चढेना तेव्हा रक्तवाहिन्या आवळणारे नॉरॲड्रेनलिन लावले. रक्तदाबाची नेहमीची गोळी आणि माझी ती गोळी, दोन्ही बंद.

आणि सुरू झाला जमाखर्च. शिरेतून, तोंडातून जे गेले ते जमा. पिशवीत आले ते खर्च. सासूबाईंचे वजन ६० किलो. म्हणजे तासाला निदान ३० मिलिलिटर लघवी यायला हवी. सहा तास त्याहून कमी आली तर मूत्रपिंडांना इजा झाली असे धरायचे. सिस्टर दर तासाला माप घेई. मी दाराशी उभी राहून आकडा विचारी आणि पर्समधल्या वाण्याच्या वहीत उतरून घेई. गूळ, साबुदाणा, शेंगदाणे, आणि त्याखाली: ८ वाजता १०, ९ वाजता १२, १० वाजता ८. तीस मिलिलिटर म्हणजे तरी किती? आपले सहा चमचे. पण त्या सहा चमच्यांसाठी मी देवीला जेवढे नवस बोलले, तेवढे नोकरीसाठी आणि मुलांसाठीही बोलले नव्हते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरने सलाईन एकदम कमी केले. हे चिडले. "लघवी होत नाही म्हणता आणि पाणीही तोडता?" ती शांतपणे म्हणाली, "काका, आजींचे पाय पाहा." पाय सुजले होते. पाणी कमी पडले तर मूत्रपिंडे सुकतात. जास्त झाले तर तीच सुजतात आणि फुप्फुसांतही पाणी चढते. हे गप्प झाले. घरी तेच सांगत असतात, उधळपट्टी आणि चिक्कूपणा दोन्ही वाईट.

तिसऱ्या दिवशी क्रिएटिनिन ३.१ आले. घरचा जुना आकडा ०.९ होता. नणंद पुण्याहून येऊन थडकली आणि "डायलिसिस करून टाका, वाट कसली बघता?" म्हणू लागली. डॉक्टरने आधी माझी वही मागितली. पहाटेपासूनचे आकडे होते २२, २८, ३५. ती हसली, तीन दिवसांत पहिल्यांदाच. म्हणाली, "क्रिएटिनिन म्हणजे कालचं वर्तमानपत्र. ते मागाहून चढतं, मागाहून उतरतं. ही वही आजची बातमी आहे." पोटॅशियम वाढले, श्वास कोंडला, तर डायलिसिस लागलेच असते. पण असे काही नसताना घाई केल्याने अधिक जीव वाचत नाहीत, हे २०२० साली १५ देशांतल्या सुमारे तीन हजार रोग्यांच्या अभ्यासात दिसले होते.

ज्यांना ते यंत्र लागते त्यांचे मात्र ते प्राणच राखते. महायुद्ध चालू असताना, १९४३ साली, हॉलंडमधल्या कांपेन गावी विलेम कोल्फ या डॉक्टरने सॉसेजच्या वेष्टनाची सेलोफेनची नळी वापरून असले यंत्र जुळवले. पहिले बहुतेक रोगी गेले. १९४५ साली एक ६७ वर्षांची बाई शुद्धीवर आली. आमच्यावर त्या यंत्राची पाळी आली नाही, एवढेच.

बाराव्या दिवशी सासूबाई घरी आल्या. क्रिएटिनिन १.२. तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचे, दुखण्याची गोळी विचारल्याशिवाय घ्यायची नाही, जळजळ झाली तर त्याच दिवशी सांगायचे, अशा सूचना मिळाल्या. एका दुपारी मी मनाचा हिय्या करून म्हटले, "आई, त्या गोळ्या मी दिल्या होत्या. त्यांनीच..."

त्यांनी मला पुरते बोलू दिले नाही. "गोळी तू दिलीस, आणि जळजळ मी लपवली. तुला ठाऊक असतं तर गोळीवर थांबली असतीस का?" थोड्या वेळाने म्हणाल्या, "दोन्ही बाजू मांडाव्यात, मग बाकी काढावी."

लक्ष्मीपूजनाला आमच्याकडे नव्या केरसुणीशेजारी हिशेबाची वही ठेवतात. त्या वर्षी चौरंगावर दोन वह्या होत्या. दुसरी वाण्याची, कोपरे दुमडलेली, गुळाखाली मिलिलिटरचे आकडे लिहिलेली. मी ती उचलायला गेले तर सासूबाई म्हणाल्या, "राहू दे. तीही जमाखर्चाचीच आहे." त्यांनी दोन्ही वह्यांना हळदकुंकू लावले, आणि मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "अगं, पाण्याचा पेला कुठं ठेवलास माझा?"