वाकडा बाण

उपमा शिकवताना गेली अठरा वर्षे मी एकच उदाहरण देत आलो आहे : ‘बाणासारखा सरळ.’ गेल्या वर्षीही दिले. तेव्हा शेवटच्या बाकावरून एक मुलगा उठला आणि म्हणाला, “सर, तीर सरळ जात नाही. वाकत वाकत जातो.”

“मग तो तीर नसेल, साप असेल!” मी म्हणालो. वर्ग खदखदून हसला. टाळी घेण्याचा हा मोह आम्हां मास्तरांना भारी वाईट. मुलगा खाली बसला आणि पुढे आठ दिवस माझ्या तासाला फिरकला नाही.

मन खाऊ लागले, तसे वसतिगृहात जाऊन त्याला गाठले. “सुटीत घरी या सर, दाखवतो,” एवढेच तो बोलला. म्हणून दिवाळीत धडगावकडे त्याच्या पाड्यावर गेलो.

त्याच्या आजाने आढ्यातून तीरकामठा काढला. १९७२ च्या कायद्याने शिकार बंद झाली. त्याआधी, तरुणपणी, तो रानात जात असे. एकेक तीर दोन्ही हातांनी हलकेच वाकवून पाहत त्याने त्यातला एक बाजूला ठेवला. “मास्तर, हा फार ताठ. डावीकडे जाईल.” मारून दाखवला. गेला डावीकडेच!

कारण साधे आहे. तीर टेकतो कामठ्याच्या काठीच्या कुशीला आणि दोरी मात्र धावते काठीच्या मध्याकडे. मग तीर बाजूला फेकला जायला हवा. पण मागून धक्का बसताच तो लवतो, काठीला वळसा घालतो आणि डोलत डोलत नेमाच्या वाटेला लागतो. ताठ तीर लवत नाही, म्हणून चुकतो. १९३० नंतरच्या दशकात शीघ्रगती कॅमेऱ्याने हे लवणे टिपले गेले, हे मी घरी येऊन वाचले. माझी एम. ए. ची पदवी येथे काही कामाची नव्हती.

मग केळीच्या खुंटावर प्रयोग झाले. हलका तीर सणसणत गेला, पण थोडाच रुतला. जड टोकाचा जरा सावकाश गेला आणि खोल शिरला. वजनामुळे त्याचा जोर लवकर ओसरत नाही. रुंद पाते जखम मोठी करते, पण अडतेही लवकर. अगदी जवळून मारलेला तीर मात्र उथळच लागला. मी बुचकळ्यात पडलो. आजा हसला. “अजून डोलतोय तो. पिसांनी सावरायच्या आत पोचला.” तिरका बसलेला तीर आपला जोर स्वतःलाच वाकवण्यात घालवतो.

सुटी संपल्यावर पहिल्याच तासाला त्या मुलाचे नाव घेऊन मी चूक कबूल केली आणि फळ्यावर एक वाकलेला बाण काढला. तो मुलगा उठून पुढे आला, माझ्या हातातला खडू घेतला आणि काही न बोलता बाणाची पिसे पुसून थोडी मागे काढली.