रोहिणखेडची मशीद

बुलडाण्याहून राजूर घाट उतरून मोताळा तालुक्यातल्या रोहिणखेडला पोचलो, तेव्हा ऊन कललं होतं. घाटाच्या पायथ्याचं गाव, खानदेशातून वर चढणाऱ्या फौजांच्या वाटेवरचं. १४३७ मध्ये बहमनी सरदार खलफ हसनानं खानदेशच्या नासीरखानाला इथंच हरवलं. मी आलो होतो ते दुसऱ्या लढाईसाठी.

गावातली दगडी मशीद खुदावंदखान महदवीनं १५८२ मध्ये बांधली. जौनपूरच्या सय्यद मुहंमदांना महदी मानणारा हा महदवींचा पंथ. त्यांच्या दायऱ्यांत, म्हणजे वस्त्यांत, मिळेल ते सारखं वाटून खात. उलेमांना ते खुपत. महदवी शेख अलाईंनी मत सोडलं असतं तर जीव वाचला असता, नाही सोडलं. १५५० च्या सुमारास इस्लामशाह सूरच्या हुकमानं फटके खाताना ते गेले.

अशा लोकांनी तलवार उचलली तर त्यांना दोष कसा द्यायचा? १५८९ मध्ये महदवी जमालखानानं अहमदनगरची सत्ता घेतली. पण त्या उठावात परदेशी मुसलमानांची कत्तल झाली. कोवळ्या इस्माईल निजामशहाला गादीवर ठेवून त्यानं पंथ राजधर्म केला. दोनच वर्षांत इस्माईलचा बाप बुऱ्हाण खानदेशच्या राजा अलीखानाला घेऊन चालून आला आणि रोहिणखेडला जमालखान पडला. मग पुन्हा महदवींचाच छळ.

मशिदीच्या थंड दगडावर हात ठेवला आणि हात न उगारलेलं महाड आठवलं. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचं पाणी प्यालेल्या दलितांवर गावगुंड तुटून पडले. माणसं रक्तबंबाळ झाली. उलटून मारायची ताकद त्यांच्यात होती, लष्करातून आलेलेही त्यांत होते. बाबासाहेबांनी हात आवरायला लावले. तळ्याचा दावा १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जिंकला.

मला तो संयम पटतो, कारण खेडोपाडी विखुरलेल्या माणसांवर उद्या कोण तुटून पडेल, हे बाबासाहेबांना ठाऊक होतं. पण मार त्या माणसांनीच खाल्ला, आणि दहा वर्षं वाटही त्यांनीच पाहिली. अत्याचार करणाऱ्याच्या शेजारी बसून कुणी त्यांना अहिंसा शिकवू नये. शेख अलाईंना तर दाद मागायला कचेरीही नव्हती.

अंधार पडायच्या आत घाट चढायचा होता. निघताना मी पुन्हा मागे वळून मशिदीकडं पाहिलं. लढाईच्या नऊ वर्षं आधी बांधलेली ती अजून उभी होती.