लाईन गेली!

लहान लेकराला सिनेमाला न्यावं की नेऊ नये, हा प्रश्न माझ्या आईला कधी पडलाच नाही. १९९१ साली ‘माहेरची साडी’ आला तेव्हा मी दीडेक वर्षाची होते. विजय कोंडके यांचा हा सिनेमा गावोगावच्या बायकांनी जथ्याने पाहिला. आईने तो अकोल्यात पाहिला, मला कडेवर घेऊन. कोणत्या टॉकीजला, यावर आई आणि मावशी अजून भांडतात. आई म्हणते वसंत, मावशी म्हणते माणेक. मी रडले असेन ना, असं विचारलं की आई म्हणते, “अवं, सारं थेटर रडून रायलं होतं. अलका कुबलचे हाल पाहून बायाच्या बाया ढसाढसा. त्यात तुया रडन्याले कोन विचारते?”

मला मात्र प्रश्न पडला होता. माझी लेक जानेवारी २०२१ मधली. ती जन्मली तेव्हा राज्यातली थिएटरं अर्ध्या खुर्च्या रिकाम्या ठेवून चालत होती, पुढे दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली आणि २२ ऑक्टोबर २०२१ ला उघडली. तोवर पडदा म्हणजे मोबाइल, आणि तोही बोटाने सरकवला की बदलणारा, अशी तिची समजूत पक्की झालेली. बाहेर जेवायला गेलं तरी दहा मिनिटांत टेबलाखाली शिरणारं हे पोर दोन-सव्वादोन तास एका जागी बसेल, असं मला तरी वाटत नव्हतं.

मग ३० जून २०२३ ला ‘बाईपण भारी देवा’ आला आणि निर्णय माझ्या हातात राहिला नाही. आईच्या भिशीच्या बायकांनी रविवारी दुपारचा शो धरला. गॉगल, नऊवारी, गजरे, सगळा थाट. फोनवर आईचा हुकूम आला: “पोरीले घेऊन ये. घरी कोनापाशी ठेवशीन?” नवऱ्याला ऑफिसचं काम होतं, त्यामुळे तो प्रश्नही मिटला.

अमरावतीहून अकोला शंभरेक किलोमीटर. याच रस्त्यावर जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबर टाकून गिनीज बुकात नोंद झाली होती. विक्रमाचं कौतुक ज्याचं त्याला. मला त्याचा फायदा एवढाच झाला, की गाडीला हिसके बसले नाहीत आणि पोरगी बडनेरा सुटताच जी झोपली ती बोरगाव मंजूपर्यंत उठली नाही. दुपारची झोप आधीच झालेली असणं, ही त्या दिवसाची अर्धी कमाई होती. ज्यांना लेकराला पहिल्यांदा सिनेमाला न्यायचं आहे त्यांनी सिनेमाचं परीक्षण वाचण्याआधी झोपेची वेळ पाहावी.

दारातच अडवणूक झाली. माझ्या पिशवीत मुगाच्या खिचडीचा डबा आणि मुरमुरे. राखणदार म्हणाला, “बाहेरचं खाणं चालत नाही.” मावशी पुढे झाली. “हे बाहेरचं नोय बाप्पा, घरचं हाये.” तो हसला, पण डबा काही सोडेना. मग मी त्याला शांतपणे सांगितलं, की याच वर्षी ३ जानेवारीला सर्वोच्च न्यायालयाने थिएटरवाल्यांना बाहेरचे पदार्थ रोखायची मुभा दिली खरी, पण लहान बाळासाठी आईबापांनी आणलेलं बेताचं खाणं अडवू नये आणि पिण्याचं पाणी फुकट द्यावं, हेही त्यातच आहे. त्याने आत कुणाला तरी विचारलं आणि डबा सोडला. मुरमुऱ्यांबद्दल न्यायालय काय म्हणालं ते त्याने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. तीन वर्षांखालच्या पोराला बहुतेक ठिकाणी तिकीट लागत नाही, मात्र खुर्चीही मिळत नाही. आमच्या भिशीतली एक काकू ऐनवेळी आली नाही, म्हणून लेकीला स्वतःची खुर्ची मिळाली.

त्या खुर्चीनेच पहिला खेळ केला. मिटणारी खुर्ची दाबून धरायला वजन लागतं, आणि अडीच वर्षांच्या लेकराचं वजन तेवढं नसतं. ती मागे रेलली आणि खुर्ची तिला घेऊनच मिटली. गुडघे हनुवटीला, पाय वर. मला वाटलं आता भोकाड पसरणार, पण ती खदखदा हसायला लागली आणि “पुन्हा” म्हणाली. सिनेमा सुरू होईपर्यंत आईने खुर्ची दाबायची आणि सोडायची, एवढाच उद्योग केला.

राष्ट्रगीताला सगळे उठले तशी तीही उठली. शेजारच्या शाळेतून रोज सकाळी ते आमच्या गॅलरीत ऐकू येतं, त्यामुळे इथे तिला ओळखीचं माणूस भेटल्यासारखं झालं. संपल्यावर तिने टाळ्या वाजवल्या. आणि मग दिवे मंदावत मंदावत गेले. मी तिचा हात घट्ट धरला, कारण अंधाराला ती भिते. क्षणभर सगळीकडे चिडीचूप, आणि त्यात तिचा खणखणीत आवाज: “आजीऽऽ, लाईन गेली!”

आमच्या रांगेपासून मागच्या भिंतीपर्यंत हशा उसळला. वऱ्हाडात उन्हाळा काढलेल्या माणसाला अंधाराचा दुसरा अर्थ ठाऊकच नाही. मागून कुणीतरी म्हणालं, “येते बेटा, आता येते, इन्व्हर्टर हाये.” तिची भीती तिथेच गेली.

ती घाबरली ते अंधाराला नव्हे, तंबाखूच्या जाहिरातीला. पडद्यावर कुणी तंबाखू ओढत-खात असेल तर सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर असे इशारे दाखवायचे, हा नियम ऑक्टोबर २०१२ पासून आहे, आणि त्याच्या हेतूशी माझं भांडण नाही. पण जबडा कापलेल्या माणसाचं तोंड दहा हात उंच होऊन समोर आलं तेव्हा तिने माझ्या कुशीत डोकं खुपसलं आणि “बाबू” एवढंच म्हणाली. दुखलं-खुपलं की तिच्या बोलीत त्याला ‘बाबू’ म्हणतात. लहान पोराला नेणाऱ्यांनी सिनेमा सुरू झाल्यावरच आत शिरावं, हे मी त्यावरून ठरवलं. मध्यंतरानंतरही पाच मिनिटं उशिरानेच आत यावं.

केदार शिंदेंच्या या सिनेमात सहा बहिणी आणि एक मंगळागौरीची स्पर्धा आहे. आमच्या भागात मंगळागौरीपेक्षा भुलाबाईच माहितीची, पण फुगडी ती फुगडीच. गाणं लागलं तशी लेक माझ्या मांडीवरून सटकली आणि खुर्च्यांमधल्या वाटेत एकटीच गिरक्या घ्यायला लागली. मी तिला धरायला उठले तर पुढच्या रांगेतली एक अनोळखी बाई म्हणाली, “राहू दे न व माय, पडद्यापेक्षा हे बरं दिसून रायलं.” तिच्या मैत्रिणीने शिट्टी मारली. तिथे कुणाला शांतता नकोच होती. रोहिणी हट्टंगडींच्या वाक्याला दाद जात होती, वंदना गुप्तेंच्या वाक्याआधीच हशा पिकत होता, मध्येच कुणी सासूच्या नावाने काहीतरी पुटपुटत होतं. सिनेमा ऐन रंगात असताना ‘शू आली’ म्हणून आम्हाला बाहेर जावं लागलं. परत आलो तर शेजारणीने सुटलेली गोष्ट तीन वाक्यांत सांगून टाकली. मध्यंतरानंतर खिचडी खाऊन ती आजीच्या मांडीवर झोपली. आई शेवटी रडली ती तिच्या केसांवरच.

या अनुभवाने मी शेफारले असते, पण दोन वर्षांनी अमरावतीत वेगळंच पाहिलं. २५ जुलै २०२५ ला ‘महावतार नरसिंह’ आला. अश्विनकुमार यांचा अ‍ॅनिमेशनपट, त्यात प्रल्हादाची गोष्ट. कार्टून आहे, देवाचं आहे, म्हणजे पोरांचंच, असा हिशेब घरोघरी झाला. आमच्या घरीही नणंदेने तोच केला आणि दोन वर्षांच्या भाच्याची स्वारी पहिल्यांदा थिएटरात निघाली. माझी लेक तेव्हा साडेचार वर्षांची, या बाबतीतली थोरली.

भाचा रडला नाही. त्याने दोन्ही हात कानांवर घट्ट दाबले आणि तो ताठ झाला. हिरण्यकशिपूच्या प्रत्येक गर्जनेला त्याचे खांदे उडत होते. सिनेमाघरांची ध्वनियंत्रणा साधारण ८५ डेसिबलचा संदर्भ धरून जुळवलेली असते आणि मारामारीत आवाज त्याच्याही वर चढतो. जागतिक आरोग्य संघटना लहान मुलांसाठी सुरक्षित मर्यादा सांगते ती ७५ डेसिबलची, आठवड्याला ४० तासांच्या हिशेबाने. एका सिनेमाने कान जात नाहीत, पण त्या पोराला आकडे कळत नव्हते आणि हात मात्र बरोबर जागी गेले होते. सेन्सॉरच्या २०२४ च्या नियमांनी यूए प्रमाणपत्राचे सात, तेरा आणि सोळा वर्षांवरचे असे भाग पाडले, ही चांगलीच गोष्ट. पण ते भाग पडद्यावर काय दिसतं त्याचे आहेत. स्पीकर किती वाढवायचा, यावर त्यात काही नाही.

नणंद त्याला जवळ घेऊन थोपटत होती. तो हळूच कण्हला असेल-नसेल, तेवढ्यात बाजूच्या गृहस्थाने जीभ चुकचुकवली. “बाहेर न्या ना त्याला.” म्हणणं चूक नव्हतं, त्यानेही तिकीट काढलं होतं. आम्ही बाहेर आलो. लॉबीत पाहते तर आमच्यासारखे आणखी मायबाप उभे. दर्यापूरहून आलेला एक जण मुलाला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारत होता. म्हणाला, “बायको आत पाहून रायली. खांब फुटला की मी जातो, ते येते.” अशी पाळी लावून सिनेमा पाहण्याची पद्धत मला पटली. भाच्याने तासभर लॉबीच्या उतारावरून वर-खाली धावून काढला आणि त्याला ती सहल फार आवडली. माझी लेक बाबांसोबत आत थांबून अख्खा सिनेमा पाहून आली आणि घरी येईपर्यंत एकच विचारत होती, की नरसिंह खांबात शिरला कुठून.

दोन्ही दिवस पोरं दोन-अडीच वर्षांचीच होती. फरक आवाजाचा होता, आणि शेजारचे लोक कसे बसले आहेत त्याचा. ज्या खेळाला प्रेक्षक स्वतः बोलतात, हसतात, रडतात, तिथे लेकरू खपून जातं. ज्या खेळाला गप्प बसायचं असतं तिथे लेकराचाही जीव नकोसा होतो आणि शेजाऱ्याचाही. आईच्या वेळी बहुतेक खेळ पहिल्या प्रकारचे होते, आता दुसऱ्या प्रकारचे वाढले आहेत.

इंग्लंडमध्ये ओडियन आणि पिक्चरहाऊस या साखळ्या तान्ह्या बाळांच्या आईबापांसाठी खास खेळ लावतात. दिवे पूर्ण मालवत नाहीत, आवाज कमी ठेवतात, आणि कुणी रडलं तर कुणी मागे वळून पाहत नाही. यासाठी नवं यंत्र लागत नाही, आवाजाची एक कळ खाली आणि दिव्यांची एक कळ वर करावी लागते. अमरावतीत चित्रा, सरोज, प्रभात ही चौकांची नावं टॉकीजांवरून पडली. सिनेमाच्या धंद्यात आमच्या भागाला आजही सीपी-बेरार म्हणतात आणि त्या सर्किटचे वितरक इथेच बसतात, त्यामुळे यासाठी मुंबईला अर्ज करायची गरज नाही. अमरावती आणि अकोल्याच्या थिएटरवाल्यांनो, रविवारी सकाळी दहाचा एक खेळ असा लावून पाहा. तंबाखूची जाहिरात आम्ही बाहेर थांबून टाळू, खिचडीचे डबे दाराशी उघडून दाखवू, आणि पाहिजे तर तीन वर्षांखालच्या पोरांचंही तिकीट काढू.